आजीची कीड

कापूसमावशींचा सगळ्या जगातल्या आज्यांवर राग होता. डॉक्टरबाईंचाही थोडाफार असेल, पण डॉक्टरबाई शिकलेल्या. लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर त्या, राग आला तरी मास्कच्या आत ठेवायच्या. मावशींचा मास्क बहुतेक वेळ हनुवटीवर असायचा, त्यामुळे त्यांचा राग बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जायचा.

कापूसमावशी हे नाव मुलांनी पाडलेलं. अॅप्रनच्या दोन्ही खिशांत कापसाच्या सुरळ्या असायच्या. लाळ शोषायला गालात ठेवतात ना, त्या. रडणाऱ्या पोराला मावशी त्यातलीच एक काढून मिशी लावून दाखवायच्या. तेवीस वर्षांपूर्वी त्या या दवाखान्यात फरशी पुसायला लागल्या. नवरा नुकताच गेलेला, मुलगा आठ वर्षांचा, आणि हाताला दुसरं काम नाही. तिसऱ्याच आठवड्यात डॉक्टरबाईंची मदतनीस न सांगता काम सोडून गेली. एका पोराचा दात अर्धा कोरलेला, तोंडात पाणी साचलेलं, आणि डॉक्टरबाई ओरडल्या, "अहो, जरा ही नळी धरा." मावशींनी फडकं टाकलं आणि नळी धरली. ती आजतागायत धरलेली आहे.

पुढे त्या सगळं शिकल्या. कुठल्या दाढेला कुठला चमचा, सुई पोराच्या नजरेआडून कशी पुढे द्यायची, दात भरायचं सिमेंट कसं कालवायचं. हे सिमेंट कालवणं म्हणजे खरी कसोटी. काचेच्या पट्टीवर पूड घ्यायची, शेजारी थेंब सोडायचे, आणि मिनिटाच्या आत कालवून डॉक्टरबाईंच्या हातात. वरची चमक गेली की माल फुकट. मावशींच्या हातून माल फुकट गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्या कालवता कालवता बोलायच्यासुद्धा. किंबहुना बोलल्याशिवाय त्यांना कालवताच यायचं नाही. मुलाच्या तोंडात नळी असल्यामुळे ते बोलू शकत नसे आणि मावशी थांबू शकत नसत, त्यामुळे गप्पा उत्तम चालायच्या.

आता रागाचं. तो फुकटचा नव्हता. दिवसाला पाच-सहा आया यायच्या आणि त्यातल्या चार तरी तेच म्हणायच्या, "दुधाचेच दात आहेत ना हो, पडणारच आहेत. मग भरायचे कशाला?" यावर मावशींचं उत्तर तयार असायचं. "का हो ताई, भाड्याचं घर सोडायचंच असतं म्हणून छप्पर गळकं ठेवता का? ही मागची दाढ अकराव्या वर्षी पडायची. लेकरू तुमचं चारचं. सात वर्षं काय एका बाजूने जेवणार? आणि ती आधीच काढून टाकली तर खालून येणारा पक्का दात जागा सापडेल तिथे वाकडा घुसतो. मग या तारा लावायला." आई गप्प बसायची. आई गप्प बसली की मावशी मोर्चा आजीकडे वळवायच्या.

कारण मावशींचं ठाम मत होतं की लहान मुलांचे दात आज्या किडवतात. आई-बाप दोघं कामावर, पोर आजीजवळ. आजी त्याला दात घासायला लावते, कौतुकाने चूळ भरायला लावते, आणि अंथरुणावर घेतलं की तोंडात काहीतरी गोड घालते. झोपलेल्या तोंडात लाळ कमी, गोड तिथेच बसतं रात्रभर. मग दाढांच्या फटीत हळूच कीड लागते, वरून दिसत नाही, आत पोखरत जाते. मावशी अशी दाढ नुसती बघून सांगायच्या, "ही आजीची कीड." हा शब्द त्यांनीच काढलेला. पुढे डॉक्टरबाईंच्याही तोंडी बसला. आरसा तोंडात घालून त्या म्हणायच्या, "हं, आजीची कीड, खाली डावीकडे," आणि नोंदणीची मुलगी कागदावर लिहून घ्यायची.

एकदा एक आजी सुनेच्या चोरून नातवाला घेऊन आली होती. दात अर्धा भरून झाला आणि सून दारात उभी. असं भांडण झालं की बाकीची पोरं बाकाखाली लपली. दुसऱ्या दिवशी मावशींनी स्वतःच्या ठळक अक्षरात पाटी लिहून भिंतीवर लावली: 'आई किंवा वडील सोबत असल्याशिवाय मुलावर उपचार होणार नाहीत. आजी चालणार नाही.' डॉक्टरबाई म्हणाल्या, शेवटचं वाक्य तेवढं काढा. मावशी म्हणाल्या, राहू द्या, तेच कामाचं आहे.

आणि मावशी स्वतः? मावशीही आजीच होत्या. नात साडेचार वर्षांची, घरात सगळे ठमी म्हणायचे. मुलगा मालाची गाडी चालवायचा, पहाटे जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. सून तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. शिवून आलेला प्रत्येक शर्ट उलटा-सुलटा करायचा, टाका सुटलाय का, बटण सैल आहे का, बघायचं. पाळी दुपारची, घरी यायला नऊ. तेव्हा ठमी सकाळी आईकडे, दुपारी शेजारणीकडे, आणि सहाला दवाखाना सुटला की आजीकडे. दात सकाळी आई घासून द्यायची, संध्याकाळी आजी. अशी दोन वेळची व्यवस्था साऱ्या गल्लीत कुणाकडे नव्हती.

अंथरुणावर मावशी ठमीला साखर घातलेल्या दुधात बुडवून बिस्किट द्यायच्या. कधी एक, कधी तीन.

हसू नका. त्यांचं पोर आठ वर्षांचं असताना त्या दवाखाना आवरून घरी यायच्या तेव्हा ते कुणाच्या तरी ओट्यावर उपाशी झोपलेलं असायचं. त्याला उचलून घरात आणताना त्याचा हात खाली लोंबायचा, तो त्यांना अजून आठवतो. आता नात जागी सापडते, मांडीवर बसते, "आजी, बुडव ना" म्हणते. कोण नाही म्हणेल? दुसऱ्यांच्या घरात याला लाड म्हणतात आणि लाडाने दात किडतात. आपल्या घरात ती माया असते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, म्हणतात ते काही उगीच नाही.

सुनेने एकदा विषय काढला होता. "आई, दात घासल्यावर बिस्किट नका ना देऊ तिला."

"अगं, तेवीस वर्षं दातांतच काढली मी," मावशी म्हणाल्या. "तू मला शिकवणार? चूळ भरायला लावते की नंतर."

चूळ त्या भरायला लावायच्या नाहीत. ठमी तोंडात घास असतानाच झोपून जायची. पण सून पुन्हा त्या विषयावर ब्र काढत नसे. उलट दाताचं काहीही निघालं की ती म्हणायची, आईंना विचारा. शेजारीण आपल्या पोरांचे दात मावशींना दाखवायला आणायची. गल्लीत कुणाच्या घरी बाळाला पहिला दात आला तर मावशींना बोलावणं यायचं. मावशी जायच्या, अंगठ्याने ओठ वर करून बघायच्या आणि चांगला आहे म्हणून सांगून यायच्या.

मग एका सुट्टीच्या दुपारी ठमी त्यांच्या मांडीवर उलटी लोळत होती. डोकं खाली, पाय वर. खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर. कशावरून तरी ती खदखदून हसली आणि मावशींना ते दिसलं. खाली डावीकडे, मागच्या दोन दाढांच्या मध्ये राखाडी सावली. दुसऱ्या कुणाला दिसली नसती, दिसली तरी काही कळलं नसतं. मावशींना सावली बघून खड्डा किती आहे ते कळायचं.

"मीट तोंड," त्या म्हणाल्या. "माशी जाईल."

पहिला विचार अर्थातच चांगला होता. उद्याच हिला घेऊन जाऊ, वीस मिनिटांचं काम, डॉक्टरबाई भरून देतील. रात्रभर त्या तेच ठरवत होत्या. सकाळी दवाखान्यात पाऊल टाकलं आणि समोर ती पाटी. हात दाखवून अवलक्षण. उपचार करायचे म्हणजे सुनेला आणायला हवं. सुनेला आणलं की डॉक्टरबाई तिच्यासमोर आरसा घालणार आणि म्हणणार ते दोन शब्द. नोंदणीची मुलगी लिहून घेणार. आणि सून, जी शर्टाच्या आतल्या बाजूचा सुटलेला टाका शोधते, ती सासूकडे नुसतं बघणार. काही बोलणार नाही, तेच वाईट. तेवीस वर्षांची मावशींची इज्जत त्या एका बघण्यात जाणार होती.

मग कारणं निघाली. आधी डॉक्टरबाई दहा दिवस सुट्टीवर गेल्या. मग ठमीला खोकला झाला. मग मावशींनाच झाला. मग दवाखान्यात शाळांच्या तपासणीची गर्दी. कारणं खोटी नव्हती, फक्त मावशी ती एकेक करून जपून वापरत होत्या. बिस्किट मात्र त्यांनी त्याच दिवशी बंद केलं. "बिस्किटवाला लांब गेलाय गं," असं ठमीला सांगितलं. "कधी येणार?" "दात पडल्यावर." ठमीने हे उत्तर तीन दिवस पुन्हा पुन्हा तपासून बघितलं आणि सोडून दिलं. दात मावशी आता दोनदा घासायच्या, डावीकडे तर इतक्या मन लावून की ठमी म्हणायची, "आजी, दुसरी बाजू पण आहे."

महिनाभराने ठमी उजवीकडूनच खायला लागली. मावशींना याचा अर्थ माहीत होता. हेच लक्षण त्या आयांना बोट नाचवून सांगायच्या. घरी त्यांनी काय केलं, तर घास भरवताना तो स्वतःच उजव्या गालात घालायला लागल्या. आणि एका संध्याकाळी तिचं तोंड पुसताना त्यांच्या मनात आपोआप आलं, दुधाचीच दाढ आहे, पडणारच आहे की. आलं ते आलं. मावशी टॉवेल हातात घेऊन उभ्याच राहिल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, खूप वाटली, पण सुनेला सांगण्याइतकी नाही.

दवाखान्यात मात्र त्यांची जीभ या दिवसांत जास्तच तिखट झाली. चोराच्या मनात चांदणं. एका म्हाताऱ्या बाईला त्या असं काही बोलल्या की ती बिचारी म्हणाली, "अहो, मी आजी नाही, शेजारी राहते."

बाहेर बसलेल्या नोंदणीच्या मुलीला मावशींनी कामाच्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. कागदावर एक प्रश्न असतो: त्रास प्रथम केव्हा लक्षात आला? सगळे पालक त्याचं एकच उत्तर देतात. 'परवा.' गाल सुजून भोपळा झालेला असला तरी परवा. "कुणी परवा म्हणालं ना," मावशींनी सांगितलं होतं, "की तू तीन महिने धर."

तीन महिने झाले आणि शेजारणीने दारातच मावशींना गाठलं. "अहो, आज ठमी थंड पाणी प्यायली आणि गाल धरून रडली. दाताचं असेल का? तुम्ही बघितलंच असेल म्हणा." मावशी म्हणाल्या, बघते. आता गप्प बसून भागणार नव्हतं, दाढ जायची वेळ आली होती. तरीसुद्धा, बघा माणसाचं डोकं कसं चालतं ते, त्यांनी ठरवलं की बुधवारी दुपारी, सून पाळीवर असताना, ठमीला घेऊन जायचं. पांढऱ्या सिमेंटने खड्डा भरायचा. दाताच्याच रंगाचं, कुणाला कळणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बुधवारी त्या ठमीला "माझं ऑफिस बघायला चल" म्हणून घेऊन आल्या. नोंदणीच्या मुलीने ठमीकडे बघितलं, मग पाटीकडे, मग मावशींकडे.

"मावशी, हिची आई?"

"मी आहे ना."

पाटीवरचं शेवटचं वाक्य मुलीने मनातल्या मनात वाचलं असणार, कारण तिने पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या. "अरे वा, ही का ती ठमी? ये गं. नुसतं बघायला पाटीची हरकत नाही."

ठमी खुर्चीत चढून बसली. खुर्ची मागे झुकली तसं तिने विचारलं, "आता मी झोपायचं का?" डॉक्टरबाई म्हणाल्या, झोपू नकोस, मोठ्ठा आ कर. मावशींनी सवयीने दिवा खाली ओढला आणि थेट डावीकडच्या दाढेवर सोडला. डॉक्टरबाईंनी आरसा घातला. थोडं आत, थोडं बाजूला.

"हं," त्या म्हणाल्या. "आजीची..."

आणि थांबल्या. बाहेर नोंदणीची मुलगी पुढचं ऐकायला मान तिरकी करून बसली होती. मावशी समोर नळी धरून उभ्या होत्या आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत कुणी बोलत नव्हतं.

छोटा एक्स-रे काढला. डॉक्टरबाईंनी तो उजेडात धरला आणि मावशींना जवळ बोलावलं. बोलवायची गरज नव्हती, मावशींना लांबूनच दिसला होता. खड्डा नसेला जाऊन टेकला होता. "नुसतं भरून भागायचं नाही," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "वरची नस काढून औषध घालावं लागेल, आणि वर स्टीलची टोपी. दाढ वाचेल, काळजी करू नका. दोन महिने आधी आली असती तर भरूनच काम झालं असतं." मग जरा वेळाने, "मावशी, तुम्हाला कधी दिसलं?"

"परवा," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे खाली ठेवला. "बरं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळी सूनबाईंना घेऊन या. सही लागेल."

स्टीलची टोपी म्हणजे चकचकीत. ठमी हसली की समोरच्या घरापर्यंत दिसणार. पांढऱ्या सिमेंटचा बेत तिथेच संपला. घरी जाताना मावशींनी ठमीचा हात इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "आजी, मी कुठे पळणार नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून डबा भरत असताना मावशींनी विषय काढला. ठमीच्या दाढेचं जरा काम निघालंय, उद्या सकाळी दवाखान्यात यायला जमेल का. मनातल्या मनात त्यांनी पुढच्या भांडणाची पूर्ण तयारी केली होती. सून काय म्हणेल, आपण काय म्हणायचं, मुलगा मध्ये पडला तर त्याला काय सांगायचं. सून म्हणाली, "बरं. पाळीच्या आधी येते." आणि डब्याचं झाकण लावलं. एवढी तयारी वाया गेली की माणसाला उलट जास्त धास्ती वाटते. मावशींची पाचावर धारण बसली.

शुक्रवारी सून दवाखान्यात पहिल्यांदाच आली. भिंतीवरची पाटी तिने दोनदा वाचली. अक्षर ओळखीचं होतं, वाण्याच्या यादीवर रोज बघायची ती. मग ठमीला घेऊन बाकावर बसली. नोंदणीच्या मुलीने कागद पुढे ओढला. नाव, वय, वजन, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का. मग तो प्रश्न.

"त्रास प्रथम केव्हा लक्षात आला?"

"परवा," मावशी आतल्या दारातून म्हणाल्या. कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

सुनेने मान वर केली. सासूकडे बघितलं, मग कागदाकडे. "हो," ती म्हणाली. "परवाच." आणि सही केली. मुलीने 'परवा' लिहून घेतलं, आणि तीन महिने धरले.

काम पाऊण तास चाललं. ठमी आईचा अंगठा धरून पडली होती. मावशींना हात धरायला तिने बोलावलं नाही, आणि मावशींचे दोन्ही हात तसेही कामात होते. सुई टोचली तेव्हा ती एकदा "अं" म्हणाली आणि डोळ्यांच्या कडेने एक थेंब कानात गेला. मावशी नळी धरून होत्या. डॉक्टरबाई न बघताच हात पुढे करायच्या आणि मावशी योग्य ते हत्यार त्यात ठेवायच्या, नेहमीसारखं. शेवटी टोपी बसवायला सिमेंट हवं होतं. मावशींनी पूड घेतली, थेंब सोडले आणि कालवायला लागल्या. तोंडातून एक शब्द फुटेना. डॉक्टरबाईंचा हात पुढे आला तेव्हा पट्टीवरच्या मालाची चमक गेली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुन्हा करा, घाई नाही." दुसऱ्या वेळी मात्र नीट जमलं.

टोपी बसली. ठमीने आरशात बघितलं, जीभ लावून बघितली, आणि बधिर झालेल्या ओठाने जाहीर केलं की हा दात आता सगळ्यात भारी आहे. बाहेर जाऊन तिने तो नोंदणीच्या मुलीला आणि बाकावरच्या दोन पोरांना दाखवला. त्यातल्या एकाने आईला लगेच विचारलं, मला पण मिळेल का.

मावशी मागच्या खोलीत हत्यारं धूत होत्या. सून आत आली आणि दाराजवळ उभी राहिली. जायला निघाली होती, पिशवी खांद्याला होती. मावशींनी नळ बंद केला. आता नाही बोललं तर कधीच बोलता यायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"परवा नाही गं," त्या म्हणाल्या. "तीन महिने झाले. मला एका सुट्टीच्या दिवशी दिसलं होतं, खिडकीत. बिस्किटं मीच द्यायचे, तू सांगूनसुद्धा. तुला कळलं तर काय म्हणशील, म्हणून गप्प बसले. भरून झालं असतं गं तेव्हा. माझ्यामुळे पोरीची नस काढावी लागली."

त्यांनी एका दमात सांगून टाकलं आणि वाट बघत राहिल्या. चिडली असती, रडली असती, मुलाला फोन लावला असता, तर बरं होतं. सून पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

"बिस्किटांचं माहीत होतं मला," ती म्हणाली. "चादर मीच झटकते ना, आई."

मावशींनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला.

"आणि डाग मीही बघितला होता. दोन महिने तरी झाले असतील. सकाळी दात घासताना." सुनेचा आवाज खाली आला. "मला वाटलं हे काळं काय आहे. त्याच दिवशी विचारणार होते तुम्हाला. मग म्हटलं, आई रोज संध्याकाळी हेच दात घासतात. दवाखान्यातल्या प्रत्येक पोराची दाढ घरी येऊन सांगतात. घरच्या पोरीचं काही असतं तर त्या पहिल्या बोलल्या असत्या. तुम्ही बोलत नव्हतात म्हणजे काही नसणार, असं धरलं मी. हे सुद्धा विचारत होते, उजवीकडूनच का खाते ही, कुठे दाखवून आणू का. मीच म्हटलं, घरात आई असताना बाहेर कशाला दाखवायचं."

बाहेर ठमी कुणाला तरी टोपी दाखवत होती, तिचा आवाज येत होता. मावशींनी ओट्याची कड धरली. तोंडात मारल्यासारखं झालं म्हणतात, पण तोंडात मारणारा निदान समोर रागावलेला असतो. त्यांची इज्जत गेली नव्हती. ती जागच्या जागी होती, आणि त्या इज्जतीनेच दोन महिने दाढ खाल्ली होती.

"मग मघाशी तू परवा का म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला खरंच परवा दिसलं," सून म्हणाली. "मग मी दोन महिने कसं सांगणार? आई असून गप्प बसली म्हणतील."

"अगं, भांड तरी माझ्याशी," मावशी म्हणाल्या. डोळे भरून आले होते, हात ओले असल्यामुळे पुसताही येईनात.

"आता काय भांडायचं," सून म्हणाली. तिने घड्याळाकडे बघितलं. पाळीला उशीर होत होता, ठमीला शेजारणीकडे सोडायचं होतं. दारातून ती पुन्हा वळली. "संध्याकाळी तिला काय द्यायचं खायला, ते तुम्हीच बघा हं. किती वाजता द्यायचं तेही. मला काही कळत नाही यातलं, तुम्हाला जास्त कळतं."

ती गेली. मावशी ओले हात तसेच धरून उभ्या राहिल्या आणि त्या शेवटच्या वाक्यात टोमणा शोधत राहिल्या. उलटून बघितलं, सुलटून बघितलं. सून ते अगदी नेहमीसारखं, साध्या आवाजात म्हणाली होती. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान राग तरी धरता आला असता.